शेतकऱ्याची कादंबरी ‘रडगाणं’ अन युद्धाची ‘मर्दानी’?

बांधावरचा वाचक:
काल ठेचाभाऊंनी लिहिलं की आपल्याकडच्या आजकालच्या कादंबऱ्या म्हणजे कर्ज, बोंडअळी अन फास, नुसतं रडगाणं. त्यापेक्षा युद्धावरची पुस्तकं वाचा, रक्त सळसळतं. रात्री झोप लागली नाही म्हणून लिहितो.

जर्मन लेखक रेमार्कची पहिल्या महायुद्धावरची कादंबरी ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ (१९२९) आत्ताच संपवली. ती वाचून कोणाचं रक्त सळसळलं ते दाखवा मला. एका पोराचा पाय कापलाय, तो मरणाच्या दारात आहे, अन उशाशी बसलेल्या दोस्ताचा जीव त्याच्या चांगल्या बुटांत अडकलाय. दोस्त वाईट नाही. बूट चांगले आहेत, एवढंच. पुढं तोही मरतो अन बूट तिसऱ्याच्या पायात जातात. नायक सुट्टीवर घरी येतो, तर गावातले शहाणे त्यालाच समजावतात आघाडी कुठून फोडायची ते! आपल्या पारावर दुसरं काय चालतं? धुऱ्यावर कधी पाय न ठेवलेला माणूस विचारतो, ‘सोयाबीन काऊन पेरलं?’

सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’ कादंबरीतला शिकलेला, नोकरीसाठी पैसे नाहीत म्हणून शेतीत अडकलेला एकनाथ रडगाणं, अन हे मर्दानी? कसं काय बुवा?

वऱ्हाडी ठेचा:
भाऊ, तुमी माह्यं अर्धंच वाचलं. ‘बारोमास’ले मी हात लावला नाई. त्याले २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार भेटला, बरोबरच भेटला. पन त्याच्यानंतर काय? ज्याले पाहा तो तेच लिहून राहिला. पयल्या पानावर ढग, मंधात सावकार, शेवटी फास. माह्या बापानं दोन एकर कोरडवाहूवर कर्ज फेडलं, दोन म्हशी घेतल्या, संध्याकाळी भजनात पेटी वाजवते. त्याच्यावर कोनी लिहिते काय? शहरातल्या वाचकाले आपन मेलेलेच आवडतो. म्हून म्हटलं, युद्धाचं वाचा. तिथं मानूस निदान लढून तरी मरते.

पुलगावची सून:
‘लढून तरी मरते’ हे फार सोपं असतं हो लिहायला. ३१ मे २०१६ ला मध्यरात्रीनंतर आमच्याकडच्या दारूगोळ्याच्या डेपोला आग लागली. विझवायला गेलेले जवान अन अग्निशमनचे लोक परत आले नाहीत. आजूबाजूची गावं रातोरात रिकामी केली. आम्ही निघालो तेव्हा सासूबाईंच्या हातात काय होतं, तर दुधाचं पातेलं. दागिने घरात, पातेलं हातात! अन युद्ध कुठंच नव्हतं.

बेलारूसच्या लेखिका अलेक्सिएविचचं रशियन बायांवरचं पुस्तक वाचा (१९८५ चं आहे, बाईला २०१५ ला नोबेल मिळालं). दुसऱ्या महायुद्धात बंदूक चालवलेल्या पोरी घरी आल्या, तर शेजारणी टोचून बोलायच्या, पुरुषांत राहून आली म्हणून. मग पदकं लपवून ठेवली त्यांनी. यात सळसळण्यासारखं काय सापडतं ते सांगा.

माजी हवालदार:
ताई, मान राखून बोलतो. पण रशियन बाया वाचून आम्हाला फौज शिकवू नका. चौकीवर माणूस रक्त-बिक्त काही सळसळवत नाही, कोरडे मोजे शोधतो. माझी काळी ट्रंक अजून माळ्यावर आहे, पांढऱ्या रंगात नाव-नंबर टाकलेली. नातू त्यात क्रिकेटची बॅट ठेवतो. कोणत्या लेखकानं येऊन विचारलं, ‘काका, त्यात काय काय होतं?’ सळसळतं ते गावात सत्काराच्या दिवशी, तेही भाषण करणाऱ्याचं.

गाविलगड:
सगळे जर्मनी-रशिया करून राहिले. इथं अकोला जिल्ह्यात अडगावला २९ नोव्हेंबर १८०३ ला लढाई झाली, तिची कादंबरी वाचली का कोणी? असईच्या लढाईत टिकलेल्या इंग्रज सेनापती वेलस्लीच्या पलटणी नागपूरकर भोसल्यांच्या तोफा सुरू होताच पळत सुटल्या होत्या! त्याला स्वतः जाऊन वळवाव्या लागल्या. मग १५ डिसेंबरला गाविलगड पडला, किल्लेदार बेनीसिंग लढता लढता गेला. देवगावच्या तहानं वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड निजामाच्या घशात. आता लोक गडाजवळच्या चिखलदऱ्याला जातात, कणीस खातात, फोटो काढतात, परत येतात.

माजी हवालदार:
पण हरलोच ना अडगावला?

गाविलगड:
हरलो म्हणून लिहायचं नाही? मग पानिपतावर एवढा कागद कशाला खर्ची पडला? तिथं पुण्याचे हरले म्हणून ते दुःख, अन आपण हरलो ती नुसती नोंद? हवालदारसाहेब, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.

माजी हवालदार:
आवाज खाली. मी फक्त विचारलं.

वऱ्हाडी ठेचा:
घ्या! म्हनजे मी म्हनतो तेच. इकडच्या मानसानं तोफा चालवल्या, पलटनी पळवल्या, त्याची कादंबरी नाई. त्यानं फास घेतला का मंग लगेच छापते.

पुलगावची सून:
ठेचाभाऊ, पलटणी पळवल्या अन संध्याकाळी मैदान सोडलं, तेही वाचा. गाविलगडावर मेलेल्यांच्या बायकांचं काय झालं, त्याची ओळ दाखवा आधी.

गाविलगड:
तीच तर नाही ना ताई! तीच नाही.

बांधावरचा वाचक:
विषय काय होता, चाललंय काय! बरं ठेचाभाऊ, तुमच्या वडिलांच्या म्हशी अन पेटीवर कादंबरी कोणी लिहिली नाही, हे एक मान्य. मोठे उपकार केले सांगून. लिहा तुम्हीच, पहिली प्रत रोख पैसे देऊन घेतो. ‘रडगाणं’ शब्द मात्र मागं घ्यावा लागंल.

वऱ्हाडी ठेचा:
शब्द नाई घेत. अन लिहाले वेळ कुठं हाय, हरभऱ्यावर घाटेअळी पडली.

गाविलगड:
हवालदारसाहेब, २९ तारखेला अडगावले येता का? गाडी माझी.

माजी हवालदार:
डिझेल अर्धं-अर्धं. अन रस्त्यात भाषण नको.