मदत हवी आहे : ८ जीबीचा लॅपटॉप घेऊन रॅम वाढवावी, की १६ जीबीचाच घ्यावा?

नमस्कार. माझी भाची कोल्हापूरला अर्थशास्त्रात एम.ए. करते आहे आणि तिच्या प्रबंधासाठी लॅपटॉप घ्यायचा आहे. सर्व मिळून ३०,००० रुपयांच्या पुढे जाता येणार नाही, म्हणून कंपन्यांनी वापरून काढलेल्या रिफर्बिश्ड यंत्रांचा विचार चालू आहे.

तिचे काम राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीवर (२०१९-२१) आहे. त्या पाहणीत ७,२४,११५ स्त्रियांच्या मुलाखती आहेत, आणि ती वापरत असलेली 'आर' ही संख्याशास्त्रीय आकडेमोडीची संगणक प्रणाली उघडलेला सगळा तक्ता रॅममध्येच ठेवते. एका संख्येला ८ बाइट धरले, तर एका रकान्याला सुमारे ५.८ एमबी आणि हजार रकान्यांना ५.८ जीबी जागा लागते. हवे तेवढेच रकाने निवडून वाचायला ती शिकली आहे. तरीही आकडेमोड चालू असताना तक्त्याच्या प्रती तयार होतात आणि विंडोज व ब्राउझर यांचा वाटा वेगळाच. त्यामुळे १६ जीबी ही गरजच आहे, असे माझे मत झाले आहे.

कमी रॅमचे यंत्र स्वस्तात घेऊन रॅम नंतर बाहेरून टाकावी, असा सल्ला आजवर सर्रास दिला जात असे. परंतु एआय सर्व्हरांकडे मेमरीचा ओघ वळल्यामुळे २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव झपाट्याने चढले, आणि मायक्रॉन या मेमरी बनवणाऱ्या कंपनीने त्याच डिसेंबरात क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा व्यवसाय बंद करण्याची घोषणा केली. मुंबईतील लॅमिंग्टन रोडवरील एक दुकानदार ८ आणि १६ जीबीच्या यंत्रांत ४,००० रुपयांचा फरक सांगतो. आजच्या भावात हा फरक रास्त वाटतो का? जुनी, वापरलेली डीडीआर४ (या यंत्रांत बसणाऱ्या प्रकारची) रॅम सुटी घेणे भरवशाचे आहे का?

माझ्यासमोर लेनोवोची थिंकपॅड टी४८० आणि टी४९० ही दोन मॉडेल आहेत. दोन्हींची इंटेलच्या आठव्या पिढीच्या प्रोसेसरची यंत्रे निवडली असल्याने त्यांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालते, आणि विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे त्याहून जुने यंत्र मी विचारातच घेतलेले नाही. टी४८० मध्ये रॅमचे दोन स्लॉट (पट्टी बसवायच्या खाचा) आहेत, तर टी४९० मध्ये काही रॅम बोर्डावरच कायमची बसवलेली असून स्लॉट एकच आहे. बोर्डावर ८ जीबी असताना स्लॉटमध्ये १६ जीबीची पट्टी बसवली, तर समान ८-८ जीबीचा भाग ड्युअल चॅनलमध्ये (एकाच वेळी दोन मार्गांनी, म्हणून अधिक वेगाने) आणि उरलेला सिंगल चॅनलमध्ये (एकाच मार्गाने) चालतो, एवढे मला ठाऊक आहे. 'आर'सारख्या कामात याचा फरक जाणवतो का, की एकूण रॅम वाढणेच महत्त्वाचे, हे ज्यांनी प्रत्यक्ष वापरले आहे त्यांनी कृपया सांगावे. माझा कल टी४८० कडे आहे, कारण बोर्डावरची रॅम बिघडली तर ती घरी बदलता येत नाही.

दुकानात विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये किती स्लॉट भरलेले आहेत ते पाहणार आहे, आणि विंडोजच्याच बॅटरी रिपोर्टमधून बॅटरीची मूळ व सध्याची क्षमता ताडून घेणार आहे. याखेरीज आणखी काय तपासावे? शिवाय, दुकानदार सहा महिन्यांची वॉरंटी देतो, पण मागचे झाकण उघडल्यास ती रद्द होईल असे म्हणतो. मग रॅम त्याच्याकडूनच बसवून घेऊन तसे बिलावर लिहून घेणे पुरेसे ठरेल का?