१यू क्यूबसॅटवर लँगम्यूर प्रोब: इलेक्ट्रॉन तापमान इतकं जास्त का येतंय?

तापीकाठ (जळगाव):
राम राम मंडळी. कॉलेजच्या टीमचं १यू क्यूबसॅट (१० सेंमी बाजूचा घनाकार छोटा उपग्रह) आहे, ५०० किमी ध्रुवीय कक्षा. प्लाझ्मातला (आयन-इलेक्ट्रॉनच्या विरळ वायूतला) करंट मोजायला १ सेंमी व्यासाचा गोल लँगम्यूर प्रोब बूमवर (दांड्यावर) पुढे काढलाय, स्वीप (प्रोबचा व्होल्टेज सरकवत नेणं) −५ ते +५ व्होल्ट. सिम्युलेशनमध्ये पॉझिटिव्ह बाजूला करंट अडकतो आणि तापमान ४००० केल्विनच्या वर दाखवतं. सर्किट चुकलंय का? बॉडी अ‍ॅनोडाइज्ड (वर ऑक्साइडचा थर चढवलेल्या) अ‍ॅल्युमिनियमची आहे.

आयनमास्तर:
सर्किटला दोष देऊ नको भाऊ, आधी हिशेब मांड. घन सेंमीला १ लाख इलेक्ट्रॉन आणि ०.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (सुमारे ११६० केल्विन) तापमान धर. प्लाझ्माच्या पोटेन्शियलला तुझा गोळा ०.२७ मायक्रोअँपिअर ओढतो, त्याच्या ५ व्होल्ट वर नेलास की १३ पर्यंत. तेवढेच आयन बॉडीने गोळा करायला हवेत. वेग सेकंदाला ७.६ किमी; समोरचे १०० चौसेंमी पूर्ण कंडक्टिंग असले तरी १.२ मायक्रोअँपिअरच मिळतात. अ‍ॅनोडायझिंग तर इन्सुलेटर! मग बॉडीच निगेटिव्ह सरकते, दिलेला व्होल्टेज प्रोबवर पुरता पडत नाही, वक्र ताणला जातो आणि तापमान फुगतं. कंडक्टिंग पृष्ठभाग प्रोबच्या काहीशे पट तरी हवा, हजार पट असला तर निवांत.

सुईवाला (धुळे):
१यूवर तेवढी जागा कुठून आणणार? गोळा काढा, सुया लावा. ०.५ मिमी व्यास, २५ मिमी लांब. तेवढ्याच व्होल्टेजला एक सुई ०.२७ मायक्रोअँपिअर घेते. ऑस्लो विद्यापीठाच्या पद्धतीने चार सुया वेगवेगळ्या स्थिर बायसवर (दिलेल्या व्होल्टेजवर) ठेवल्या तर करंटचा वर्ग आणि बायस यांची सरळ रेष येते. तिच्या उतारावरून घनता निघते, त्यासाठी तापमान माहीत असावं लागत नाही.

बॉडीला क्रोमेट कन्व्हर्जन (वीज वाहू देणारा पातळ रासायनिक थर) करून घ्या, प्लेटिंगवाल्याला ‘क्लास ३’ लिहूनच द्या. रेल्स (कडेच्या पट्ट्या) मात्र हार्ड अ‍ॅनोडाइज्डच राहू द्यात, लाँचरच्या डिस्पेन्सरला (उपग्रह बाहेर ढकलणाऱ्या पेटीला) त्या तशाच लागतात.

सोलर पॅनेलचे इंटरकनेक्ट (सेल जोडणाऱ्या पट्ट्या) उघडे नकोत. निगेटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असेल तर पॉझिटिव्ह टोक इलेक्ट्रॉन ओढतं आणि बॉडी जवळपास पूर्ण स्ट्रिंग व्होल्टेजने खाली जाते. स्पेस स्टेशनवर १६० व्होल्टच्या पॅनेलपायी झेनॉनवर चालणारे प्लाझ्मा कॉन्टॅक्टर (जादा इलेक्ट्रॉन बाहेर सोडणारी यंत्रं) बसवावे लागले. तुमचं पॅनेल ८ व्होल्टचं असलं तरी प्रोबची रेंजच ५ आहे. कमी आउटगॅसिंगच्या (निर्वातात कमी वायू सोडणाऱ्या) सिलिकोनने इंटरकनेक्ट झाकून टाका.

तापीकाठ:
ध्रुवाजवळ मोठं चार्जिंग होतं म्हणतात, ते यात दिसेल का? आणि व्हॅक्यूम चेंबर नाही, टेस्ट कशी घ्यायची?

आयनमास्तर:
ध्रुवाचं विसर. डीएमएसपी या अमेरिकी लष्करी हवामान सॅटेलाइटवर ८४० किमीला −२००० व्होल्टपर्यंत चार्जिंग नोंदलंय, पण ते ऑरोरात (ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यात), आसपासची घनता घन सेंमीला १० हजाराच्या खाली असताना. ते कळलं आयनांच्या ऊर्जेच्या स्पेक्ट्रममधून: बॉडी −५०० व्होल्टला असेल तर थंड आयनही ५०० इलेक्ट्रॉन-व्होल्ट घेऊन आत शिरतात. खान्देशावरून जाताना उलटी अडचण. विषुववृत्तीय आयनीकरणाचं शिखर जवळ, संध्याकाळी घनता १० लाखांवर जाऊ शकते आणि अँप्लिफायर सॅच्युरेट होतो. दोन गेन (अँप्लिफायरच्या कमी-जास्त पटी) ठेव.

टेबलावर प्रोबच्या जागी १०० मेगाओहम लाव, १ व्होल्टला १० नॅनोअँपिअर यायलाच हवेत. मे महिन्यात पास झालं म्हणून खूश होऊ नकोस. श्रावणात दमटपणामुळे फ्लक्स (सोल्डरिंगचा चिकट अवशेष) राहिलेल्या बोर्डावरून करंटचं लिकेज सुरू होतं. इनपुट पिनभोवती गार्ड रिंग (लिकेज अडवणारं तांब्याचं कडं) आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुणं, दोन्ही करच. मे महिन्यातल्या कोरड्या हवेत स्टॅटिकने इनपुट जातो तो वेगळाच, मनगटाचा पट्टा विसरू नकोस.

तापमान हवंच असेल तर एका सुईला अधूनमधून स्वीप दे, आधी वर मग खाली. दोन वक्र जुळले नाहीत तर सुईवर घाण बसलीय, ते तापमान टाकून दे.