मासे गरवायची ग्रॅफाइटची काठी : 'मॉड्युलस' म्हणजे मजबुती का?

प्रश्न : मासे गरवण्याच्या काठीवर 'ग्रॅफाइट' आणि '३० टन' असे छापलेले असते. एका मराठी माहितीपत्रकात 'मॉड्युलस'साठी 'मजबुती' हा शब्द वापरलेला दिसला. तो योग्य आहे का? शिवाय पेन्सिलीतले ग्रॅफाइट बोटाने मोडते, मग त्याची काठी कशी होते?

उत्तर : 'मजबुती' हा शब्द येथे चुकीचा आहे, आणि या चुकीपायी चांगल्या काठ्या मोडतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी 'ग्रॅफाइट'. 'लिहिणे' या अर्थाच्या ग्रीक धातूवरून १७८९ मध्ये वेर्नर या जर्मन खनिजतज्ज्ञाने हे नाव दिले. पेन्सिलीत कार्बनचे पापुद्रे एकमेकांवरून घसरतात, म्हणून कागदावर रेघ उमटते. काठीत मात्र कार्बनचे तंतू असतात. ॲक्रिलिक जातीचा धागा हवेविना हजार अंशांहून अधिक तापवला की ते तयार होतात, आणि त्यांत हेच पापुद्रे धाग्याच्या लांबीत जुळून बसल्यामुळे ताण घसरणीवर न येता घट्ट बंधांवर येतो. अमेरिकेतल्या फेनविक कंपनीने १९७३ मध्ये अशी काठी 'ग्रॅफाइट' या नावाने विकायला आणली आणि पुढे तेच नाव रूढ झाले. अर्थाने पाहता 'कार्बन तंतूंची काठी' हेच नेमके.

'मॉड्युलस' म्हणजे ताठरता : पदार्थ ताणला असता तो किती कमी ताणला जातो, याचे माप. ३० टन म्हणजे चौरस मिलिमीटरला ३० टन, आणि ते काठी उचलू शकेल असे वजन नव्हे. सर्वसाधारण कार्बन तंतू २४ टनांच्या आसपास असतो, काचतंतू त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. तंतू जितका ताठर, तितका तेवढ्याच ताठपणासाठी तो कमी लागतो. काठी हलकी होते, माशाचा बारीकसा टोचाही मुठीत कळतो, पण पोकळ काठीची भिंत पातळ होते आणि आघात सोसण्याची तिची ताकद घटते. आपल्याकडे ताठ, कडक, चिवट, लवचीक, ठिसूळ असे वेगवेगळे शब्द असताना या सर्वांवर 'मजबूत' हे एकच पांघरूण घालणे मला पटत नाही. चिव्याची काठी चिवट असते, पण ताठर नसते. महागडी कार्बनची काठी नेमकी उलट.

माझ्या काठीचे टोक एकदा होडीच्या काठावर आपटले. नखाने चाचपल्यावरच जाणवेल एवढा खळगा पडला होता. दोन महिन्यांनी अर्ध्या किलोच्या माशाला ती नेमकी तिथेच कट्‌कन मोडली. विक्रेत्याने 'मजबूत' म्हणून दिलेली काठी होती. 'ताठर' म्हटले असते तर मी ती जपून हाताळली असती.

बांधणीकडेही पाहावे, कारण नुसत्या टनांच्या आकड्यावरून काठीची प्रत कळत नाही. राळेत भिजवलेले तंतूंचे पत्रे निमुळत्या पोलादी दांड्यावर गुंडाळतात, वरून फीत घट्ट आवळतात, भट्टीत भाजतात आणि मग आतला दांडा ओढून काढतात. पत्र्यांत राळ जास्त झाली की वजन वाढते, पण जोर वाढत नाही. सगळे तंतू केवळ लांबीतच असतील तर वाकताना नळी चेपते, म्हणून आडवा किंवा तिरपा थरही लागतो. काही काठ्यांवर दिसणाऱ्या बारीक आडव्या रेघा त्या फितीच्या खुणा असतात. तो दोष नव्हे.

पुरवणी (दुसऱ्या सदस्याकडून) : 'ताठरता' मान्य. 'ताठर' शब्दाला माणसाच्या हेकेखोरपणाची छटा आहे हे खरे, परंतु वस्तूच्या संदर्भात ती आड येत नाही. 'ॲक्शन' आणि 'पॉवर' यांतही असाच गोंधळ होतो. काठी कुठून वाकते ते 'ॲक्शन', आणि वाकायला किती भार लागतो ते 'पॉवर'. पहिल्यासाठी मी 'वाक' हा शब्द सुचवतो : टोकाचा वाक, मधला वाक, मुठीपर्यंतचा वाक.