२२ वर्षं जुन्या एअर रिसीव्हरची हायड्रो (पाणी भरून प्रेशर टेस्ट): नेमप्लेटच्या दीडपट चढवायचं का?

बुटीबोरीकर
उभा एअर रिसीव्हर (कॉम्प्रेसरची हवा साठवायची टाकी), २ घनमीटर. आतला व्यास १००० मिमी, शेल (उभी भिंत) मूळचा ८ मिमी, मटेरियल आयएस २०६२ स्टील, वेल्डची रेडिओग्राफी (एक्स-रे तपासणी) नाही. नेमप्लेटवर १० किलो (प्रति चौ. सेमी) प्रेशर. अल्ट्रासॉनिक जाडीमापनात शेलचं सगळ्यात कमी रीडिंग ६.४ मिमी आलं. चार वर्षांची हायड्रो ड्यू आहे. सरळ १५ किलोवर न्यायचं का? आणि मे महिन्यात घ्यावी की पावसाळ्यापर्यंत थांबावं?

जाडीमापक
नाही भाऊ. नेमप्लेटचे १० किलो ८ मिमीच्या शेलसाठी होते. आधी आजचं प्रेशर काढा, टेस्टचं मग बघू.

स्टीलची ताणशक्ती ४१० एमपीए (१ एमपीए म्हणजे सुमारे १०.२ किलो), ती ४ ने भागली की चालेल असा ताण १०२ एमपीए. रेडिओग्राफी नाही, म्हणून जॉइंट एफिशिएन्सी (वेल्डची ताकद किती धरायची ते) ०.७. सूत्र: ताण × एफिशिएन्सी × जाडी, भागिले (त्रिज्या + ०.६ जाडी). ६.४ ला ०.९० एमपीए येतं, म्हणजे ९.२ किलो. २२ वर्षांत १.६ मिमी गेली. त्याच वेगाने पुढच्या चार वर्षांत अजून ०.३ जाईल. ६.१ धरून ८.८ येतं. मी ८.५ ठेवीन.

पण डिशचं (टाकीच्या टोकाच्या घुमटाकार झाकणाचं) रीडिंग कुठाय? टोरिस्फेरिकल डिश (मधल्या घुमटाची म्हणजे क्राउनची त्रिज्या १००० मिमी, कडेच्या वळणाची म्हणजे नकलची त्याच्या ६ टक्के) असेल, तर ८.५ किलोलाच सुमारे ७.२५ मिमी जाडी लागते. शेलपेक्षा जास्त! खालच्या डिशमध्ये कंडेन्सेट (हवेतून सुटलेलं पाणी) साचतं, त्यामुळे ड्रेनच्या भोवती हातभर भागात २५ मिमीच्या ग्रिडवर मोजा. एक-दोन पॉइंट घेतले तर पिटिंग (गंजाचे खड्डे) हमखास निसटतं.

गेजवाला
टेस्ट प्रेशर: ८.५ च्या दीडपट १२.७५, १.३ पट धरलं तर ११. वेसल (टाकी) कोणत्या कोडला (डिझाइनच्या नियमसंचाला) बांधली आहे ते बघून कॉम्पिटंट पर्सनकडून (मान्यताप्राप्त तपासनीसाकडून) लेखी घ्या, अंदाजाने गुणू नका.

पाणी खालून भरा, सगळ्यात वरच्या नोझलचा (टाकीला जोडलेल्या तोंडाचा) व्हेंट उघडा. बुडबुडे थांबून अखंड धार लागली की बंद करा. हवा राहिली की पंप मारत राहावं लागतं, काटा रबरासारखा वर चढतो, आणि फाटलं तर ती हवाच सुटते. सेफ्टी व्हॉल्व्ह काढून त्या जागी ब्लाइंड (बंद झाकण) लावा, त्याचं स्प्रिंग दाबून टेस्ट घेऊ नका. गेज दोन लावा, ०–२५ चे, कॅलिब्रेशन ताजं असलेले. अर्ध्यापर्यंत नेऊन थांबा, मग टप्प्याटप्प्याने चढवा. पूर्ण प्रेशरला जवळ कोणी जाऊ नका. ३० मिनिटांनी ८.५ वर उतरवा, मगच जॉइंट बघा. आणि प्रेशरमध्ये असताना हातोडा नको, राजेहो.

काटा उतरतोय आणि पाणी कुठं दिसत नाही? पंपाचा एनआरव्ही (पाणी मागे येऊ न देणारा व्हॉल्व्ह) गळत असेल. मधला व्हॉल्व्ह बंद करून पंप सोडा, मग निवाडा करा.

वेल्डखालचा
नोझलभोवतीच्या पॅडला (मजबुतीच्या पट्टीला) ६ मिमीचं टेलटेल होल (गळती दाखवणारं भोक) असेल तर ते मोकळं ठेवा. त्यातून थेंब आला की नोझलचं आतलं वेल्ड गळतंय. तो थेंब एम-सीलने बुजवला की टेस्ट पास होते आणि वेसल नापास राहते. वेल्डवरचा जाड रंगही आधी खरवडा. रंगाखालची बारीक गळती अर्धा तास लपू शकते.

मे महिन्यात टेस्ट घेता येते, पण पहाटे, सावलीत. पूर्ण भरलेल्या बंद वेसलमध्ये पाणी एक अंश तापलं की प्रेशर दोन-तीन किलो वर जातं. नऊ वाजता ऊन पडलं की पंप न मारताच काटा चढायला लागतो! हाताखाली एक ब्लीड व्हॉल्व्ह ठेवा. पावसाळ्यापर्यंत थांबणार असाल तर ड्यू तारीख बघा.

बुटीबोरीकर
खालची डिश ६.९ निघाली. आता?

जाडीमापक
८ किलोसुद्धा धरू नका. ८ ला ६.८ लागते, म्हणजे झिजायला ०.१ मिमी राहिली. खालची डिश बदलायचा खर्च आणि नव्या रिसीव्हरची किंमत शेजारी मांडा. तोवर चालवायचा असेल तर ७ किलो, पण आधी कॉम्पिटंट पर्सनची लेखी परवानगी. सेफ्टी व्हॉल्व्हही ७ ला सेट करून घ्या आणि कॉम्प्रेसरचा कट-ऑफ त्याच्या खाली आणा.