टो मोजताना सीटवर ड्रायव्हर हवाच

दादा, रिकाम्या गो-कार्टवर टो (वरून पाहता पुढची चाकं आत किंवा बाहेर किती वळलीत ते) शून्य लावूनही गाडी सरळ रस्त्यात भटकते, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मते गडबड त्या ‘रिकाम्या’तच आहे. कार्टला सस्पेन्शन नसतं, ड्रायव्हर बसला की चासीच वाकते आणि कॅम्बरसोबत (चाकाचा आत-बाहेरचा उभा कल) टोही बदलतो. भोसरीच्या आमच्या शेडमध्ये आम्ही ड्रायव्हरला हेल्मेटसकट बसवूनच मोजतो.

कॅम्बर आणि कॅस्टर (चाक ज्या पिनवर वळतं तिचा पुढे-मागे कल) आधी लावा, ते हलवलं की टो पुन्हा बिघडतो. मग स्टीअरिंग सरळ बांधून पुढच्या दोन्ही चाकांमधलं अंतर चाकांच्या पुढून आणि मागून, हबच्या (चाकाच्या मध्याच्या) उंचीवर मोजा. पुढचं १-२ मिमी जास्त, म्हणजे किंचित टो-आउट, सुरुवातीला पुरे. दोन्ही टाय रॉड (स्टीअरिंग चाकांना जोडणाऱ्या दांड्या) सारखेच फिरवा. आणि त्यांचे लॉकनट (रॉड जागी घट्ट धरणारे नट) आवळल्यावर पुन्हा मोजाच, आवळतानाच माप सरकतं.