मदत हवी आहे: मुलगा नको म्हणत असताना त्याचा फोटो टाकून पैसे मागावेत का?

नमस्कार. भाच्याच्या उपचारांसाठी ऑनलाइन पैसे गोळा करायचे आहेत. रविवारी पान सुरू करायचंय आणि एका गोष्टीवरून घरात सगळे अडून बसलोय.

भाचा १२ वर्षांचा आहे. ब्लड कॅन्सर (एएलएल) बरा होऊन उलटला, आता बोन मॅरो ट्रान्सप्लांट सांगितलंय. दाजींचं निम्मं मॅच जुळलंय. एस्टिमेट २२ लाखांचं. सोनं, सोसायटीचं कर्ज, दोन ट्रस्टांची मदत असं धरून साडेतेरा लाख झाले. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात असतात, पण उत्पन्नाची मर्यादा १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. दाजींचा पगार त्याच्या जरासा वर जातो.

ज्या साइटवर नाव नोंदवलं, तिथल्या माणसाने फोनवर सांगितलं की हसरा फोटो चालणार नाही. टोपी काढा, सलाइन दिसू द्या, आई रडतेय असा व्हिडिओ असेल तर उत्तमच. परवा ताईने मोबाइल समोर धरला, तर पोराने टोपी दोन्ही हातांनी गच्च धरली. म्हणाला, "हे आमच्या वर्गाच्या ग्रुपवर पण जाणार का?" ताईच्याने पुढे फोटो काढवला नाही.

दाजी म्हणतात, पोरगं वाचू दे, फोटोचं नंतर बघू. २०२१ मध्ये मुंबईतल्या एका बाळासाठी १६ कोटींचं इंजेक्शन लोकवर्गणीतून आलं, ते त्याचा चेहरा घरोघरी पोचला म्हणून, असं त्यांचं म्हणणं. त्यांना मी चूक कसं म्हणू? बाप आहे तो. पण ते बाळ काही महिन्यांचं होतं, आमच्या पोराला सगळं कळतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलाची संमती पालकांनी द्यायची आहे, म्हणजे कागदावर ताई-दाजींची सही पुरेल. शाळेत मात्र परत त्यालाच जायचंय, आणि एकदा फॉरवर्ड झालेला फोटो कोण परत आणणार?

मला वाटतं फोटो पाठमोरा किंवा हाताचा घ्यावा, नाव बदलावं, एस्टिमेट आणि डॉक्टरांचं पत्र लावावं (पत्ता, केस नंबर झाकून), आणि पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात जावेत. असं करून कुणाला पुरेसे पैसे जमलेत का? साडेआठ लाखांची बाब आहे. माझ्या तत्त्वापायी ते कमी पडले तर मी ताईला तोंड दाखवू शकणार नाही.

दुसरं, पैसे उरले तर काय, हे पानावर आधीच लिहायचं का? ताई म्हणते शेजारच्या खाटेवरच्या मुलीला देऊ. पण लोकांनी दिले ते याच्यासाठी. आणि पैसे कोणत्या कारणाने उरू शकतात हे आम्हा दोघांनाही माहीत आहे, म्हणून ते वाक्य अजून कुणी लिहिलेलं नाही. ज्यांनी असं पान चालवलंय त्यांनी ते कसं लिहिलं, जमल्यास शब्दच सांगा. रात्री इथेच वॉर्डाबाहेर असतो, उत्तरं वाचेन.