आई खुर्चीतून उठेना, लेक सोफ्यावरून हलेना

नमस्कार मंडळी,

इतकी वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

आई ७१ वर्षांची. बाबा गेल्यावर गुहागरहून आमच्याकडे डोंबिवलीला आली. तिकडे आगरातलं शिंपणं, झापं ओढून आणणं, विहीर, दिवसभर पाय जमिनीला टेकत नसत. इथे चौथा मजला आणि लिफ्ट. गणपतीनंतर बाथरूममध्ये तिचा तोल गेला. हाड मोडलं नाही, एक्स-रेत गुडघ्यांची झीज निघाली. डॉक्टर म्हणाले, चालत राहा. पण पुन्हा पडेन या धास्तीने तिने चालणंच टाकलंय. खुर्चीतून उठताना दोन्ही हात मांड्यांवर रेटते, अर्धी उठून परत बसते, मग "विठ्ठला" म्हणत दुसऱ्या दमात उभी राहते. व्यायामाचं नाव काढलं की, "जन्मभर राबले, आता मेला व्यायाम कसला?"

लेक ९ वर्षांचा. शाळा, क्लास, मोबाइल. पार्किंगमध्ये 'खेळण्यास सक्त मनाई'ची पाटी. मैदान रेल्वेच्या पलीकडे, न्यायला-आणायला कोणी नाही. परवा लिफ्ट बंद होती तर पठ्ठ्या दुसऱ्या मजल्यावर धापा टाकत बसला, आणि दोन पायऱ्या खाली त्याची आजी. दोघं एकमेकांकडे बघून हसत होते. मला काही हसू आलं नाही.

मी सकाळी साडेसातच्या लोकलला जाते, परतायला आठ. दुपारी साडेतीनपासून दोघं घरात एकत्र असतात. दोघांना मिळून करता येईल असं काही आहे का? आणि गुडघे झिजलेले असताना उठबस करावी की टाळावी? ("मोबाइल काढून घ्या" सांगू नका. घेऊन झालाय.)

प्रतिसाद, चालतीबोलती:
ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. आईंना न तपासता बोलतेय हे लक्षात ठेवून वाचा. झीज झाली म्हणून गुडघ्याला नुसती विश्रांती दिली की मांडीचा स्नायू आणखी रोडावतो आणि सगळा भार सांध्यावर येतो. पडण्याची भीती, म्हणून हालचाल कमी, म्हणून ताकद कमी, म्हणून पुन्हा पडणं, हे चक्र रोज बघते.

आधी एक करा. बीपीची गोळी असेल तर बसून आणि उभं राहिल्यावर, असं दोनदा बीपी मोजून घ्या. उठल्यावर ते एकदम उतरत असेल तर तोल त्यानेच जात असेल, ते डॉक्टरांना सांगा.

मग रविवारी तुमच्या समोर: पाठ असलेली, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून, हात छातीवर घडी घालून, ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून बसता येतं ते मोजा. ७० ते ७४ वयाच्या बायकांत १० पेक्षा कमी म्हणजे पाय कमजोर. हाताचा आधार घेऊन उठल्या तर मोजायचं नाही. सरावासाठी मात्र खुशाल खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा, हातही टेकू द्या. दुसरं, ओटा धरून टाचा वर-खाली. वृद्धांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं चालावं हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच २०२०च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांत आठवड्यातून तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायामही सांगितलेत, ते कोणी करत नाही. मुलाला मात्र रोज सरासरी तासभर दम लागेल अशी हालचाल हवी. सलग नको, तुकड्यातुकड्यात चालेल.

प्रतिसाद, आट्यापाट्या:
लेकाला लंगडी घालू द्या की! पॅसेजमध्ये दहा फूट जागा पुरते. उड्या मारल्याने वाढत्या वयात हाडं बळकट होतात. दोरीवरच्या उड्याही चालतील, पण आधी खालच्या मजल्यावरच्यांना विचारा, आमच्याकडे यावरून सोसायटीची मीटिंग झाली होती. आजी ओटा धरून एका पायावर उभी, नातू लंगडी घालतोय, कोण आधी पाय टेकतं बघायचं.

प्रतिसाद, चालतीबोलती:
+१. फक्त आजींचा हात ओट्यावरून सुटता कामा नये, आणि पायात मोजे नकोत. घरात तुम्ही नसताना पहिले काही दिवस फक्त टाचा.

धागाकर्ती:
दोघांचे मनापासून आभार. बीपी उद्या मोजून घेते. आज चाचणी घेतली. लेकाला पंच केलं, मोबाइलचं टायमर लावून बसला. आईची सहा झाली. सहाव्या वेळी हात मांडीला लागला म्हणून त्याने तीही बाद केली. "लागलाच नाही!" "लागला, मी बघितलं!" असं चांगलं दहा मिनिटं जुंपलं. भांडताना आई खुर्चीला न टेकता उभी होती.